फ्लॉरेन्समधल्या तीन रात्री आणि सासूबाईंचे नियम



लेकीकडे म्युनिकला गेलो होतो, तिथून मे महिन्यात तीन रात्री इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन आलो. तेव्हापासून दोन प्रश्न सारखे येत आहेत. राहिलात कुठे? आणि सासूबाईंनी खाल्लं काय?

राहण्याचं आधी सांगते. हॉटेल घेऊ नका, स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्याने घ्या. आम्ही सांत अंब्रोज्यो या भाजी मंडईजवळ घेतलं. स्टेशनाजवळची हॉटेलं सोयीची असतात, पण तिथे चूल नाही. एक मात्र विचारून घ्या, लिफ्ट आहे का? जुन्या इमारती, दगडी उंच पायऱ्या. बुकिंग करताना हे माझ्या लक्षात आलं नाही आणि आईंचे गुडघे दोन मजले चढताना बोलले. त्या घरातल्या भांड्यांत आधी काय शिजलं असेल सांगता येत नाही, म्हणून छोटा कुकर, तवा, चमचे आणि पाणी गाळायचं फडकं मी घरूनच नेलं होतं.

चूल हवीच, याचं कारण संध्याकाळ. मे महिन्यात तिथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. ऐकायला छान वाटतं. पण आई सूर्यास्ताआधी दोन घडी जेवण आटोपतात, म्हणजे पावणेआठच्या आत हात धुवायचा. तिथली जेवणाची हॉटेलं संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात आणि तेव्हा कुठे टेबलं पुसायला लागतात. म्हणून दुपारचं बाहेर आणि संध्याकाळचं घरी, असं ठरवलं.

बाहेर खाताना लेकीने दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो. म्हणजे कांदा नको, लसूण नको. पण तेवढ्याने भागत नाही. बऱ्याच सूप-सॉसची सुरुवातच कांदा, गाजर आणि सेलरी तेलात परतून होते, ते नंतर कोण वेचून काढणार? न्योक्की म्हणजे बटाटा. ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. पाकिटातला सुका पास्ता साधारणपणे रवा आणि पाण्याचा. पेस्तोमध्ये लसूण. म्हणून पहिल्या दुपारी सुका पास्ता आणि नुसता टोमॅटो-तुळशीचा सॉस सांगितला. गरम आला, छान आला. सोबत किसलेल्या चीजची वाटी.

आईंनी विचारलं, "यात काही नाही ना गं?"

मी म्हटलं, "दुधाचंच आहे आई, खा." आणि माझ्या हातानेच त्यांच्या ताटात दोन चमचे घातलं.

संध्याकाळी किराणा घ्यायला गेलो. तेच चीज घरी घ्यावं म्हणून पाकीट उचललं. घटक तीनच होते, दूध, मीठ आणि काल्यो. लेकीला विचारलं. तिने फोनवर पाहिलं आणि गप्प झाली. काल्यो म्हणजे दूध फाडायचं विरजण, आणि पार्मिजानोमध्ये ते वासराच्या पोटातलंच असावं लागतं, तसा त्या चीजचा नियमच आहे.

मला दुकानात उभं राहवेना. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय. ठिपका दिसला की आपण वाचायचं सोडून देतो, विचारायचंही सोडतो. इथे ठिपका नव्हता आणि मी विचारलंही नव्हतं. त्यांनी मात्र विचारलं होतं, आणि मी काही न पाहता शब्द दिला होता.

लेक म्हणाली, "सांगू नकोस, आजीला उगाच त्रास." खरं सांगते, दहा मिनिटं मलाही ते पटलं होतं. त्यांना कळणार नव्हतंच. पण मग पुढच्या वेळी त्यांनी "काही नाही ना?" विचारलं की मी काय तोंडाने उत्तर देणार?

त्यांचा जप झाल्यावर सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

"नाही आई."

"आता ठाऊक झालं. आणि घरी तो डबा येतो बाहेरून, पोरांच्या पास्त्यावर घालतेस, त्यावर काय लिहिलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इम्पोर्टेड म्हणून कौतुकाने आणलेला डबा. (आल्यावर पाहिला. मोलकरणीलाही दिला नाही, टाकला.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. मीही केला, पण त्यांच्याइतका शांतपणे नाही.

रविवार हा त्यांचा मीठ सोडायचा दिवस. परदेशात तो कसा निभवायचा याची मला निघण्याआधीपासून काळजी होती. आणि तिथला पाव अळणी निघाला! तोस्काना भागात पाव मीठ न घालताच भाजतात, पिढ्यान् पिढ्या. सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून ताजा आणला, मंडईतला टोमॅटो चिरला, वर ऑलिव्ह तेल. (पावाचाच नियम असेल त्यांनी हे सोडून द्यावं.) बाकीच्यांसाठी बेसनाची धिरडी, हरभऱ्याचं पीठ तिथे सहज मिळतं, फारीना दी चेची म्हणून मागायचं.

पिझ्झा खायचाच असेल तर मरिनारा सांगा, लसणाशिवाय. टोमॅटो, ओरेगानो, तेल, एवढंच. चीज मुळातच नसतं. मोझरेलाचं काल्योही बऱ्याचदा प्राण्याचंच, तेव्हा मार्गेरिताच्या भरवशावर राहू नका. चीज हवंच असेल तर पाकिटावर काल्यो वेजेताले शोधा.

आईंनी लेकीकडून तो शब्द मराठीत कागदावर लिहून घेतला आणि जपमाळेच्या पिशवीत ठेवला. सोमवारी स्टेशनवर मी बिस्किटाचा पुडा घेतला, तर त्यांनी आधी तो कागद काढला, मग चष्मा.