सूत

सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला. दोरा कावेत बुडवून लाकडावर ताणत. चिमटीत उचलून सोडला की सरळ रेघ उमटे. आता लेसरची लाल रेघ पडते. यंत्र बंद केले की रेघही जाते.

सूत हे मापही. आठ सुतांचा इंच, चोवीस तसूंचा गज. 1956 साली दशमान मापांचा कायदा झाला. तसू गेला. सूत जुन्या सुतारांच्या तोंडी आहे. प्लायवूड मिलिमीटरवर येते.

वाकस. जमिनीवर बसून, लाकूड पायांनी धरून तासत. जुन्या वाड्यांच्या तुळयांवर त्याचे घाव हाताला लागतात.

सामता. कमानीच्या दोरीचा कांड्याला वेढा. कमान मागेपुढे ओढली की टोक एकदा उजवीकडे फिरे, एकदा डावीकडे. ड्रिल एकाच दिशेने फिरते. भोक काही सेकंदांत पडते.

मोठी करवत दोघे ओढत. एक ओंडक्यावर उभा, एक खाली. खालच्याच्या डोक्याला फडके असे. सॉ मिल आली. जोड्या मोडल्या.

लहान करवतीचे दात तिकोनी कानशीने घासत. मग एकाआड एक डावीउजवीकडे वाकवत. आता पाते बोथट झाले की नवे बसवतात.

रंधा. त्यातून लांब, पातळ ढलपी वेटोळी होऊन निघे. मुले ती मनगटात घालत. उरलेल्यांवर बंब पेटे. मशीनमधून धूळ निघते. नाकाला फडके बांधावे लागते.

सागाचा वास. आता प्लायचा.

चौकटीला खिळा नसे. एका लाकडाला कूस, दुसऱ्याला पटाशीने पाडलेले भोक, वरून लाकडी खुंटी. खुंटी काढली की चौकट सुटे. दुसऱ्या घरात पुन्हा उभी राही.

बैलगाडीचे चाक. तुंबा, आरे, पुठे, त्यावर लोखंडी धाव. गाड्यांना रबरी टायर आले.

अवजारांचे दांडे सुतार स्वतः करी. मूठ वापरून त्याच्या हाताची होई. बापामागून ती मुलाच्या हाती येई. ड्रिल जळले की नवे आणतात.

खंडेनवमीला अवजारे धुऊन पाटावर मांडतात. वाकस, रंधा, सामता. शेजारी ड्रिल. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूचे फूल.

दसऱ्यानंतर ड्रिल कामावर जाते. बाकीची पोत्यात बांधून माळ्यावर.