चार नव्या मेंढ्या

मैत्रिणींनो, स्वेटरचे टाके आणि लोणच्याच्या कृती असलेल्या या पानांत मेंढरांची गोष्ट कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. मी स्वतः बी.ए. झालेली, सकाळचे तीन तास शाळेत मराठी शिकवणारी बाई. पण माझं सासर माणदेशातलं, धनगराचं. मामंजी हयात असताना मोठा कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. आता आमच्या परसात, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात, उरली होती अवघी दहा मेंढरं. दख्खनी, काळीभोर, एखादीच्या कपाळावर पांढरा टिळा.

लोकरीला आता भाव नाही. पुष्कळांनी माडग्याळी मेंढा घालून मटणाला भरणारी, उंच मेंढरं केली. त्यांच्या अंगावर लोकर नावालाच. आत्याबाई मात्र काळ्या लोकरीवर अडून बसल्या. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा किलो, म्हणजे दहा जणींत दोन घोंगडी होतात न होतात! पण माझा मुलगा पुढच्या जूनमध्ये वसतिगृहात जाणार होता, आणि त्याला घरच्या लोकरीचं घोंगडं द्यायचं हे त्यांनी मनाशी घेतलं होतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी आषाढात माझ्या पगारातून मी चार मेंढ्या आणल्या.

बाजारात आत्याबाईंनी एकेकीचा जबडा उघडून पाहिला. दोनदाती म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाची, चारदाती दोन वर्षांच्या आसपासची. कास चाचपली, खूर उचलून वास घेतला. घरी येताच म्हणाल्या, "पोरी, म्हैनाभर यास्नी येगळं ठिव. अंगाला अंग लागू देऊ नगंस."

मी दोन दिवस ऐकलं. वेगळं पाणी, वेगळा पाला, वेगळी झाडलोट, आणि साडेसातला शाळा! पण खरं सांगू का, कंटाळा हे अर्धंच कारण. त्या चौघी गोठ्याच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या असायच्या आणि पलीकडच्या मेंढ्यांचा आवाज आला की ओरडायच्या. मला माझे या घरातले पहिले महिने आठवले. सगळ्या बायका चुलीपाशी बोलत बसायच्या आणि मी दाराशी उभी. नवीन आलेलीला असं बाजूला ठेवायचं, हा कुठला न्याय? तिसऱ्या दिवशी आत्याबाई देवळात गेल्याचं पाहून मी फाटक उघडलं.

जुन्या मेंढ्यांनी त्यांना थोड्या धडका दिल्या, गव्हाणीपासून हुसकलं, एवढंच. आठ दिवसांत सगळं शांत झालं आणि मी मनात म्हटलं, पाहा, प्रेमाने घेतलं की होतं!

महिना होत आला तेव्हा एक जुनी मेंढी भिंतीला अंग घासताना दिसली. मग दुसरी. बाभळीच्या काट्यांवर लोकरीचे झुबके लोंबू लागले आणि खाली कातडीवर पिवळट खपल्या. खरूज! डॉक्टर म्हणाले, हिची कीड डोळ्यांना दिसत नाही, आणि मेंढी वरून चांगली दिसत असताना आठवडेच्या आठवडे ती लोकरीत दडून असते. भिंतीला, खांबाला लागलेली कीडसुद्धा पंधरवडाभर जगते. चौदाही जणींना आठवड्याच्या अंतराने दोन-दोन इंजेक्शनं, गोठा रिकामा करून धुणं. एक म्हातारी मेंढी त्यातच गेली. दिवाळीच्या सुमाराला कातरणी झाली ती नुसती नावाला. आत्याबाईंनी ती गठलेली, खपल्यांची लोकर पोत्यात भरली, परसात नेऊन जाळली आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगा दुकानातली चादर घेऊन वसतिगृहात गेला.

गेल्या वर्षी पुन्हा तीन मेंढ्या आणल्या. या वेळी ओळखीच्या धनगराकडून, गाभण नसलेल्या. पोटात कोकरू असेल तर धडकाधडकीत गाभडण्याची भीती असते. पहिले चार आठवडे त्यांना घराच्या दुसऱ्या अंगाला बांधलं. आधी जुन्या मेंढ्यांचं सगळं आटपायचं, मग नव्यांकडे जायचं, आणि हातपाय धुऊन परत यायचं. डॉक्टरांना दाखवून जंताचं औषध पाजलं, लस टोचून घेतली. भुसकट आणि भरडा पहिल्या दिवशी मूठभरच. आल्या आल्या पोटभर दाणा घातला तर पोट फुगून मेंढी दगावते, हे तुम्हांपैकी शेळी पाळणारीलाही ठाऊक असेल.

मग आठवडाभर मधे नुसती वाघर लावली. धनगर रात्री मेंढरांभोवती उभी करतात ती जाळी. "आता बघू देत एकमेकीस्नी," आत्याबाई म्हणाल्या. मेंढी चेहरे विसरत नाही. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2001 साली दाखवून दिलं की मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ ओळखते. मी हे कौतुकाने वाचून दाखवलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "येवढ्यासाठी साळा शिकली व्हय ती मानसं?"

आठव्या दिवशी संध्याकाळी, सगळ्यांची पोटं भरलेली असताना, मोकळ्या रानात त्यांनी स्वतः सगळ्यांना एकत्र केलं. कोंडलेल्या जागेत हरलेलीला पळायला वाट नसते. तिघींच्या पाठीवर चिमूटभर भंडारा टाकला. थोडी ढुशाढुशी झाली. गव्हाण मात्र आधीच एक जादा मांडून ठेवली होती.

मी शेजारी उभी होते. मनात होतं ते विचारून टाकलं, "आत्याबाई, मी आले तेव्हा तुम्ही महिनाभर मला चुलीला हात लावू दिला नव्हता. ते का?"

"तुला ताप येत हुता की गं," त्या म्हणाल्या. "ल्हान पोरगी. इसावा नगं का?"

ताप आठवतो मला. पण चुलीचं कारण तो असेल, हे सतरा वर्षांत सुचलं नव्हतं.

कातरणी आता पंधरा दिवसांवर आली आहे. मुलाला सुट्टीत यायला सांगितलंय, मेंढरं धुवायला. परवा आत्याबाईंनी माळ्यावरचा चरखा खाली काढला आणि चिंचोके वाळत घातले आहेत. खळ त्याचीच लागते. सूत या वेळी तूच कात, म्हणाल्या.