शिंपल्यांची खिडकी

पणजीत फोंतेन्हासमधल्या एका जुन्या घरात उतरलेय; आता ते अतिथिगृह आहे. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेरच्या सायकलच्या भोंग्यानं जाग आली. खिडकीला काच नाही, शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यांतून उजेड दुधासारखा झिरपतो. बोट लावलं तर गार, किंचित खरखरीत. किती पावसाळे सोसले असतील त्यांनी!

गल्ल्या अरुंद, पायीच फिरायच्या. सेंट सेबास्टियन चॅपेलमधल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात, इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्या नजरेसमोर कितीजण थरथरत उभे राहिले असतील! मला तिथून लवकर हलवेना.

आता घराच्या बलकांवात, दारापुढच्या ओसरीत, बसून लिहितेय. समोरच्या निळ्या भिंतीवर ऊन चढतंय.