उडालेला कोपरा

माळेगाव, भवानीनगरचे साखर कारखाने पेटले की माझ्याकडे पुढचे दात दाखवायला येणारे वाढतात. उसाचं कांडं दातानं सोलताना पूर्वी भरलेल्या दाताचा कोपरा उडालेला असतो. खुर्चीत बसता बसताच सांगतात, "मॅडम, सगळं सिमेंट काढून टाका आन् नवं भरा." बहुतेक वेळा मी नाही म्हणते.

ते ज्याला सिमेंट म्हणतात ते कंपोझिट दाताच्याच रंगाचं. काढताना ते कुठं संपतं आणि दात कुठं सुरू होतो, ते डोळ्याला नीट कळत नाही. बर, म्हणजे कोरायचं फिरतं टोक, फिरवता फिरवता थोडा चांगला दातही जातो आणि खड्डा दर वेळी मोठा होतो. खाली कीड असेल किंवा फिलिंगच हललं असेल, तर सगळं काढावंच लागतं. नुसता कोपरा गेला असेल तर तेवढाच जोडावा, असं माझं ठाम मत आहे.

हा जोड सहजी धरत नाही. ताज्या कंपोझिटवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक पातळ, अर्धवट घट्ट झालेला थर राहतो आणि पुढचा थर त्यालाच चिकटतो. जुन्या फिलिंगवर तो नसतो. त्यानं तोंडातलं पाणी शोषलेलं असतं आणि नव्या कंपोझिटमधल्या रेझिनशी जुळेल असं त्यात फारसं उरलेलं नसतं. म्हणून आधी बरनं चकाकी घालवून ते खरखरीत करायचं. सोय असेल तर 50 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाची पूड हवेच्या दाबानं मारायची.

मग आम्ल. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी तेच इनॅमलवर लावून पाहिलं आणि 1955 साली निष्कर्ष छापले. त्यांचं आम्ल 85 टक्क्यांचं होतं. आम्ही साधारण 37 टक्क्यांची जेल लावतो. धुऊन वाळवलं की इनॅमल खडूसारखं पांढरं पडतं. जुन्या कंपोझिटवर मात्र आम्ल फक्त साफसफाई करतं. तिथं सायलेन लागतं. ते एकीकडे उघडे पडलेले काचेचे कण धरतं आणि दुसरीकडे रेझिन. त्यावर बाँडचा पातळ हात, हवेची हलकी फुंकर आणि निळा लाइट.

मध्येच लाळ लागली तर मी पुन्हा आम्लापासून सुरुवात करते. लाळ अडवणारा रबराचा पडदा, रबर डॅम, लावायला वेळ जातो, पेशंट अवघडतो, बाहेर कुणाची इंदापूरची एसटी चुकत असते; तरी मी तो लावतेच. लाळ लागलेला जोड त्या दिवशी झकास दिसतो. पुढे कडेनं तपकिरी रेघ धरते आणि तिथंच चहा, मिश्रीचे डाग बसतात.

एक विनंती आहे. कोपरा उडाला की लगेच दाखवायला या, तोवर पिनेनं किंवा काडीनं कोरू नका. आणि भरलेल्या दातानं ऊस सोलू नका. कोयत्यानं सोलून, करवे करून दाढेनं खा.