रंगसफेदी

सरकारी घराला रंग लागतो तो जाणाऱ्यासाठी नव्हे, येणाऱ्यासाठी. बदलीचा हुकूम हाती पडतो, पेट्या बांधल्या जातात, आणि आपण फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच बांधकाम खात्याची माणसे बादल्या घेऊन आत शिरतात. एकतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही नऊ गावी बिऱ्हाड केले. नऊही ठिकाणी आमच्या स्वागताला तोच फिकट पिवळा हात मारलेल्या भिंती उभ्या होत्या, आणि तो रंग आम्हांला आवडतो का, हे एकदाही कोणी विचारले नाही. वाचकांपैकी बहुतेकांचा अनुभव याहून निराळा असेल असे वाटत नाही.

म्हणूनच, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी एखादी वस्तू स्वतःच्या मर्जीने रंगवण्याचा प्रसंग आला, तेव्हा आम्ही थोडेसे हुरळून गेलो हे कबूल केले पाहिजे. ती वस्तू घर नव्हती; एक जुनी पिकअप गाडी होती.

१९८८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याने ‘टाटामोबाइल’ नावाची गाडी काढली. पुढे माणसे, मागे सामानाचा उघडा हौदा. आमची गाडी त्याच वंशातली, वयाने पंचविशी ओलांडलेली. पाच वर्षांपूर्वी जबलपूरला बदलून आलो, तेव्हा एका दूधवाल्याकडून ती घेतली. हेतू असा की, नोकरीतला अखेरचा प्रवास भाड्याच्या मालमोटारीतून करायचा नाही. येत्या मार्चअखेर आम्ही निवृत्त होणार. तेव्हा आपले सामान आपल्या गाडीत घालून वाईला परतायचे. गाडीही मूळची तिकडचीच. तिने आणि आम्ही एकाच दिशेने घरी जावे, यात आम्हांला काही औचित्य वाटत होते.

सौ.ला मात्र त्या औचित्यापेक्षा गाडीचा गंज अधिक दिसत होता. “अहो, एकतीस वर्षांनी माहेरच्या आळीत शिरायचे ते या अवतारात?” असा तिचा सरळ प्रश्न होता. एका कार्यशाळेत चौकशी केली. पत्र्याचे काम आणि फवाऱ्याचा रंग मिळून पस्तीस हजार रुपये सांगितले. घरी येऊन आम्ही वहीत अंदाजपत्रक मांडले आणि खाली लाल शाईने मर्यादा लिहिली : रुपये ८,०००. मुलीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे होते.

रंग कोणता, हा पहिला वाद. सौ.ने क्षणाचाही विचार न करता सांगितले, “मोरपिशी.” तिच्या माहेरच्या वाड्यात देवघराचे दार त्या रंगाचे होते. नऊ घरांतल्या पिवळ्या भिंतींमध्ये ती तो रंग मनात बाळगून बसली होती, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले. आम्ही मात्र नोंदणी पुस्तक उघडले. त्यात गाडीचा रंग ‘पांढरा’ असा लिहिलेला. तो बदलायचा तर अर्ज, शुल्क, तपासणी आणि पुस्तकात नवी नोंद. शिवाय गाडी कायमची दुसऱ्या राज्यात न्यायची, म्हणजे इथल्या कचेरीचे ना-हरकत पत्र आणि तिथे पुन्हा नोंदणी. जन्मभर इतरांच्या कागदांतल्या विसंगती शोधल्या, आता शेवटच्या वर्षी आपल्याच कागदात एक निर्माण करावी, हे मनाला पटेना. सौ. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

एक स्वस्त मोह मात्र वाटेत आडवा आला. जबलपूर हे लष्करी वाहनांचे गाव. इथे १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे आणि १९६९ पासून लष्करी मोटारींचा. साहजिकच रस्त्यावर लष्करी हिरवा रंग पावलोपावली दिसतो. जुन्या बाजारातील एका दुकानदाराने त्याच रंगाचे दोन डबे अर्ध्या किमतीत पुढे केले. “साहब, रोब पड़ेगा!” असेही वर सांगितले. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२१ वा नियम आम्हांला ठाऊक होता : ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणी लावायचा नाही. नियम माहीत असणे हे कित्येकदा मोठे खर्चाचे काम असते. आम्ही डबे परत ठेवले.

दिवाळी उलटली, हवा कोरडी झाली, आणि एका रविवारी आम्ही कामाला हात घातला. कोणीतरी सांगितले होते की एन. सी. रंग झटपट वाळतो. तो एक लिटर आणि त्याचे थिनर आणले, डाव्या दारावर ओरखडेही न काढता ब्रश फिरवला. पाच मिनिटांत दारावर सुरकुत्या उमटल्या. तापल्या दुधावर साय धरावी तसा सगळा पृष्ठभाग आकसला. जुना रंग होता सिंथेटिक इनॅमल; वरच्या तीव्र थिनरने तो खालून फुगवून उचलला होता. आठशे पन्नास रुपये आणि एक रविवार, दोन्ही वाया गेले.

मग आमच्या शिपायाच्या ओळखीचे एक वृद्ध पेंटर आले. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी दार पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि दाराचा खालचा काठ अंगठ्याने दाबला. अंगठा पत्र्यातून आत गेला!

दाराच्या तळाशी बारीक छिद्रे असतात. काचेच्या फटीतून आत उतरलेले पावसाचे पाणी त्यांतून बाहेर पडावे, अशी ती योजना. कित्येक पावसाळ्यांच्या चिखलाने आमच्या गाडीची ती छिद्रे बुजली होती. पाणी आत साचत होते आणि पत्रा आतून कुजत होता. बाहेरून सारे पांढरे, धडधाकट. चाचा एवढेच म्हणाले, “साहब, पैसा रंग में मत डालो, घिसाई में डालो.”

त्या वाक्यावर आमचे अंदाजपत्रक आम्ही पुन्हा मांडले. कुजलेला पत्रा कापून नवी पट्टी वेल्डिंगने जोडली, छिद्रे तारेने मोकळी केली. मग सुरू झाली घासणी : आधी खरखरीत पेपर, मग बारीक, मग पाणी लावून त्याहून बारीक. उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड, खड्ड्यांत लांबी, पुन्हा घासणी, मग करडे अस्तर, पुन्हा घासणी. तीन आठवडे सकाळचा एक तास आणि साऱ्या सुट्ट्या त्यात गेल्या. बोटांची टोके इतकी झिजली की कचेरीतले कागद उलटताना ती चुरचुरत.

घासता घासता पांढऱ्याखाली निळा थर लागला आणि निळ्याखाली ‘ताजा दूध’ ही अक्षरे. भिंतीवरचा चुना खरवडला की आधीच्या बिऱ्हाडाच्या मुलांनी पेन्सिलीने नोंदलेली उंची दिसते, तशीच ती दिसली. आम्ही पाच वर्षे गाडीला ‘आमची’ म्हणत होतो. तीही आमच्यासारखीच कित्येकांच्या हाताखाली नोकरी करून आली होती, आणि दर वेळी कोणीतरी वरून एक हात फिरवून मोकळा झाला होता. आत कोणी पाहिले नव्हते.

आत पाहिले नव्हते हे वाक्य मनात आले आणि हातातला पेपर थांबला. कारण तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली होती.

पांढरे इनॅमल लावायचा दिवस उजाडला. दव वाळेपर्यंत थांबलो. अंगणातली धूळ उडून ओल्या रंगावर बसू नये म्हणून पाणी शिंपडायला चाचांनी सांगितले, तोवर सौ.ने पहाटेच गाडीभोवती सडा घातलेला होता. रंगाचा एक पातळ हात, रात्रभर विश्रांती, हलकी घासणी, आणि दुसरा हात. फवाऱ्याची झळाळी त्याला नव्हती. तिरप्या उन्हात ब्रशच्या रेषाही दिसत. पण रंग पत्र्याला धरून बसला होता.

हिशेब असा झाला : वाया गेलेला रंग व थिनर ८५०, वेल्डिंग १,२००, घासायचे पेपर ६४०, लांबी ४६०, अस्तर ७००, पांढरा रंग १,५६०, टर्पेंटाइन ३००, ब्रश व चिकटपट्टी ३४०, चाचांची मजुरी १,५००. एकूण ७,५५०. मर्यादेत ४५० रुपये उरले.

त्या शिलकेचे काय करायचे हे आम्ही कोणाला विचारले नाही. दुसऱ्या दिवशी निळ्या व हिरव्या रंगाचे दोन लहान डबे २२० रुपयांना आणले आणि चाचांकडून मिसळून घेतले. तीनदा मिश्रण बदलावे लागले. चौथ्यांदा सौ.ने काडी बुडवून कागदावर ओढली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाली, “हा.” दारांच्या आतल्या बाजू, बैठकीपुढचा पत्रा, पायांखालची चौकट असा गाडीचा सारा आतला भाग आम्ही मोरपिशी रंगवला. सरकारदप्तरी गाडी पांढरी आहे, आणि ती पांढरीच दिसते. दार उघडणाऱ्यापुरती ती वाईच्या देवघरासारखी आहे.

संध्याकाळी बंगल्याचा चौकीदार गाडीभोवती फिरला. बाहेरून नीट न्याहाळून म्हणाला, “साहब, इतनी मेहनत की, गाड़ी तो वैसी की वैसी सफ़ेद है।”

आम्ही हो म्हटले. सौ. तेव्हा आत बसली होती. दार तिने आतून ओढून घेतले होते.