शह, चेक आणि राजाचा हिशेब

आजचा धागा एका शब्दाचा. ‘त्याने चेक दिला’ आणि ‘त्याने शह दिला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिले बँकेतले, दुसरे बुद्धिबळाच्या पटावरचे. ‘चेक’ आणि ‘शह’ मुळात एकच शब्द आहेत. एक फारसीतून मराठीत उतरला; दुसरा युरोपाला वळसा घालून इंग्रजांबरोबर आला. आपण दोघांनाही घरात घेतले, ओळख मात्र करून दिली नाही.

मूळ शब्द फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. इ. स. पू. ५२० च्या सुमारास इराणचा सम्राट दारियस याने बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरविला. त्यात तो स्वतःला ‘क्षायथिय’ म्हणवतो. शाह हे त्याचेच झिजलेले रूप. संस्कृत ‘क्षत्र’ हाही त्याच घराण्यातला. एवढे वाचून कोणीतरी लगेच लिहील, ‘म्हणजे चेक हा संस्कृतच!’ नव्हे. प्राचीन इराणी आणि संस्कृत या बहिणी. एकीला दुसरीची आई ठरविले की मधला अडीच हजार वर्षांचा प्रवास पुसला जातो, आणि मला तर सारे स्वारस्य त्या प्रवासातच दिसते.

खेळ मात्र खरोखर इथला. आपले चतुरंग सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात पोहोचले, तिथे चत्रंग झाले, अरबांनी त्याचे शत्रंज केले. राजावर मारा झाला की खेळाडू ‘शाह!’ असा उच्चार करून प्रतिस्पर्ध्याला सावध करी. पटावर हा शब्द राजाची पदवी उरला नाही, राजाला दिलेला इशारा झाला. इंग्रजीतले सगळे अर्थ या इशाऱ्यातून फुटले आहेत. स्पेन आणि इटलीमार्गे तो फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला. त्याच्या एकवचनातून इंग्रजी ‘चेक’ निघाला, अनेकवचनातून ‘चेस’. ‘शाह मात’चे ‘चेकमेट’ झाले. मराठीने त्यातली ‘मात’ वेगळी काढून क्रियापदाला जोडली आणि ‘काटशह’ ही स्वतःची भर घातली. शह बसला की राजाची वाटचाल खुंटते, म्हणून चेक म्हणजे अडविणे, आवर घालणे. आवर घालायचा तर नजर हवी, म्हणून पुढे पडताळणे. चेकनाक्यावर गाडी थांबते तेव्हा दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

मी सर्वांत अधिक रमतो ते बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिये’ म्हणत. नॉर्मन राजांच्या महसुलाचा हिशेब ज्या मेजावर होई, त्यालाही तेच नाव पडले, आणि त्यावरून साऱ्या राजकोषाला ‘एक्स्चेकर’. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७ च्या सुमारास या कचेरीवर गुरुशिष्यसंवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहावयास घेतला. त्यात मेजाची मापेसुद्धा आहेत: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेने चार बोटे उंच काठ, आणि वर रेघा आखलेले काळे कापड. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी लिहून करणे महाकठीण. म्हणून रकान्यांत सोंगट्या मांडायच्या. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, शेकडे, हजार. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपले देणे डोळ्यांनी दिसे.

या मेजासमोर वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमस या सणांना, परगण्याचा शेरीफ हजर होई. मुंबईच्या शेरीफसारखे हे केवळ मानाचे पद नव्हे; वसुलीची सारी जबाबदारी त्याच्या शिरावर असे. ग्रंथातला शिष्य विचारतो, या कचेरीला हे नाव का? गुरू सांगतो, मेज पटासारखे दिसते म्हणून. शिवाय पटावर जशी दोन राजांची लढाई, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची. हे उत्तर मला फार बोलके वाटते. जो शब्द राजाला धोका दाखवीत असे, तोच आता राजाच्या वतीने दुसऱ्यांना घेरू लागला होता. ज्यांच्या शेतांतून तो पैसा निघाला, त्यांची मात्र त्या मेजावर एक सोंगटीही नव्हती.

चेक्सचा शर्ट हेही याच पटाचे देणे. मात्र आपला ‘चौकडा’ त्यात ओढू नका. ध्वनी जवळचा, अर्थही जवळचा, तरी तो ‘चतुष्क’ या संस्कृत शब्दाच्या वंशातला. केवळ कानाच्या भरवशावर व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

बँकेतला चेक तर संशयाचे अपत्य आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे रकमेच्या कागदाची स्थळप्रत. ती जवळ असली की खाडाखोड पकडता येई. पुढे कागदालाच ते नाव चिकटले आणि ब्रिटिशांनी त्याचे स्पेलिंग एक्स्चेकरच्या वळणावर नेले; अमेरिकेने साधेच ठेवले. आपल्या ‘धनादेशा’त आज्ञा तेवढी आली, संशय गळाला.

एक्स्चेकरची स्वतःची स्थळप्रत लाकडाची होती. हेझलच्या काठीवर रकमेच्या खाचा पाडीत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची; एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा कचेरीत. दोन्ही जुळले तर हिशेब खरा. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली.

उरलेल्या काठ्यांचे काय करायचे, हा प्रश्न १८३४ मध्ये निघाला. दोन गाड्या भरून काठ्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या तळघरातील भट्ट्यांत कोंबण्यात आल्या. १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आग भडकली आणि पार्लमेंटची दोन्ही सभागृहे जळाली. वेस्टमिन्स्टर हॉल मात्र बचावला. चार्ल्स डिकन्सने १८५५ मधील एका भाषणात यावर सरकारची यथेच्छ टर उडविली. त्याचे म्हणणे असे, की शेजारच्या वस्तीतल्या गरिबांना त्या काठ्या सरपणाला नेऊ द्यायच्या होत्या. पण त्या कोणाच्याही उपयोगी पडल्या नव्हत्या आणि पडू नयेत, हाच कचेरीचा बाणा.