खैरागढचें संगीत-विद्यापीठ

नागपुराहून पूर्वेस निघालेली आगगाडी गोंदिया मागें टाकून डोंगरगडाशीं आली कीं बमलेश्वरीची टेकडी दिसूं लागते. तेथून पुढें राजनांदगांवीं उतरावें व सुमारें ४० किलोमीटर मोटारीनें जाऊन खैरागढ गांठावें. गांव लहान, पण गायन, वादन, नृत्य, चित्र इत्यादि कलांसाठींच उभारलेलें विद्यापीठ येथें आहे. १९५६ सालीं राजे वीरेंद्रबहादुरसिंह व राणी पद्मावतीदेवी यांनीं आपला कमलविलास राजवाडा त्यास देऊन टाकिला. अकालीं निवर्तलेल्या इंदिरा या कन्येचें नांव त्यास मिळालें.

आमच्या पुतण्याच्या मुलीनें बी. ए. नंतर येथें गायनांत एम. ए. करावयाचें मनांत घेतलें, आणि घरांत दोन तट पडले. गाणें गुरूच्या घरीं शिकावें, घंटेबरहुकूम नव्हे, असा आमच्या वडील बंधूंचा आक्षेप. म्हणून आम्ही स्वतःच पाहून आलों.

आक्षेप पोकळ नाहीं. सकाळीं तोडी रंगूं लागावी आणि तेवढ्यांत तास संपावा, हें कोणत्याही वर्गाच्या नशिबीं असतेंच. व्याकरण तुकडे पाडून शिकवितां येतें, आम्हीं तीस वर्षें शिकविलें. राग तसा शिकवितां येईल काय? पण गुरुगृहीं राहून शिकण्याचें भाग्य आपल्या घरांतील किती मुलींस लाभलें, हेंही वाचकांनीं मनाशीं आठवून पाहावें.

शिवाय एम. ए. ला नुसतें गाऊन भागत नाहीं. शास्त्राच्या उत्तरपत्रिकाही लिहाव्या लागतात. तेथील एका विद्यार्थिनीस आम्हीं शार्ङ्गदेवाविषयीं विचारिलें. तेराव्या शतकांत देवगिरीस यादवांच्या आश्रयानें ‘संगीतरत्नाकर’ रचणारा हा पंडित आमच्या घरांत कोणास फारसा ठाऊक नाहीं. त्या छत्तीसगडी मुलीनें बावीस श्रुतींचा हिशेब, षड्जास चार, ऋषभास तीन, गांधारास दोन, असा न अडखळतां सांगितला. आमची कांहींशी मानखंडनाच झाली म्हणा ना!

आरंभींच्या काळांत येथें कुलगुरु होते ते मुंबईचे पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. भातखंड्यांनीं या शिष्यास बडोद्यास फैयाजखांसाहेबांपाशीं शिकावयास ठेविलें. पुढें लखनौच्या संगीत-महाविद्यालयाचें प्राचार्यपद त्यांनीं वर्षानुवर्षें सांभाळिलें. खांसाहेबांची शागिर्दी आणि शाळेचें वेळापत्रक, दोन्ही त्यांच्या एकाच आयुष्यांत बसलीं.

बंधूंस आम्हीं एवढेंच कळविलें कीं, मुलीस पाठवावें. मात्र सुट्टींत ती घरीं आली म्हणजे पाहुण्यांपुढें गावयास न बसवितां पहांटे दोन तास मागील खोली तिला मोकळी करून द्यावी. तेथें लोणच्याच्या बरण्या आहेत, त्या माळ्यावर जातील.